पाहुणीची शर्यत

परदेशाहून आलेल्या माणसाने चार घरी चहाला जावे, आणलेला खजूर वाटावा आणि ‘काय काय पाहिलेत?’ या प्रश्नाला तोंडपाठ उत्तर द्यावे, ही आपल्या इंदुरातली जुनी रीत. २०२४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दीड महिना दुबईला मुलाकडे राहून मी परतले, तेव्हा रामबागेतल्या आमच्या आत्याबाईंनीही तोच प्रश्न केला. उंच इमारती पाहिल्या, समुद्र पाहिला, सोन्याचा बाजार पाहिला, हे सांगून झाल्यावर मी हळूच म्हटले, “आणि शर्यतीत गाडी चालवली.” आत्याबाईंना वाटले, मी उंटाच्या गाड्याबद्दल बोलते आहे. त्यांचा गैरसमज दूर करता करता चहा निवून गेला. तसाच गैरसमज आणखीही कोणाकोणाचा होत असेल, म्हणून हे लिहावयास घेतले.

या गाडीला कार्ट म्हणतात. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चार बुटकी चाके, एक आसन आणि एक इंजिन, एवढाच तिचा संसार. टप नाही, दारे नाहीत, स्प्रिंगा नाहीत. भाड्याने मिळणाऱ्या कार्टला गिअरही नसतात. बसणारा जमिनीपासून जेमतेम चार बोटांवर असतो. तिची धाव ताशी ६०-७० किलोमीटरच्या घरातली. आपल्या बायपासवर मालाचे टेंपोसुद्धा त्याहून जोरात जातात. परंतु टेंपोत बसलेल्याला रस्ता खाली कोठेतरी दिसतो. येथे तो कानाजवळून जातो, आणि वेग दुप्पट भासतो.

हिचा जन्म १९५६ सालचा, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातला. आर्ट इंगल्स हा कसबी माणूस कर्टिस क्राफ्ट या कारखान्यात शर्यतीच्या मोटारी बांधीत असे. दुसऱ्यांसाठी मोटारी बांधता बांधता त्याने लू बोरेली या मित्राच्या मदतीने स्वतःसाठी नळ्यांची एक छोटी गाडी जोडली आणि तिला गवत कापण्याच्या यंत्रासाठी बनविलेले अडीच अश्वशक्तीचे इंजिन बसविले. पासाडेनाच्या रोझ बोल मैदानाबाहेर, मोटारी उभ्या करण्याच्या मोकळ्या जागेत, ही गाडी फिरू लागली. बघ्यांनी आपापल्या गाड्या जोडल्या आणि खेळ सुरू झाला. १९६२ साली त्याचे आंतरराष्ट्रीय नियमन मंडळ निघाले; १९६४ साली रोमला पहिले जागतिक अजिंक्यपद झाले, ते इटलीच्या ग्विदो सालाने मिळविले. मौज अशी की, मी दुबईत जी कार्ट चालविली तिचे होंडाचे ३९० सी.सी.चे इंजिनही मूळचे शर्यतीचे नव्हेच. त्या जातीची इंजिने पाण्याच्या पंपाला आणि जनरेटरला जोडलेली आपण नेहमी पाहतो. पंपाचे इंजिन लावून माणसे शर्यत धावतात, यातला साधेपणा मला फार आवडतो.

इंदूरकरांना मोटारींचे कौतुक कोणी शिकवावयास नको. महाराजा यशवंतराव होळकरांच्या ड्यूसेनबर्ग, बुगाटी आणि अल्फा रोमिओ या गाड्यांची नावे परदेशातले संग्राहक आजही अदबीने घेतात, आणि पिथमपूरला २०२१ साली ११.३ किलोमीटरचा वेगवान चाचणी-मार्ग सुरू झाला, तेव्हा आपणच पेढे वाटल्यासारखे बोलत होतो. परंतु राजाची मोटार पाहावयाची असते; ती चालविण्याचा प्रश्न आमच्यासारख्यांच्या वाटेला येत नाही. माझी ओळख झाली ती कार्टशी, आणि तीही माहेरी. माहेर कोल्हापूरचे. तेथे मोहिते यांचा कार्टिंगचा ट्रॅक आहे, त्याच्यावर राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्याही झालेल्या आहेत. मी ४७ वर्षांची असताना भावाने भाऊबीजेला साडीऐवजी त्या ट्रॅकवरच्या दहा फेऱ्या ओवाळणीत घातल्या. त्याने थट्टा केली होती. मी ती मनावर घेतली. तेव्हापासून माहेरपणाला गेले की अंबाबाईचे दर्शन आणि ट्रॅक, असा माझा क्रम ठरून गेला.

या खेळात हौशी माणसाला आपली गाडी जवळ बाळगावी लागत नाही. ट्रॅकवर जावे, भाडे भरावे, वजन करून घ्यावे, त्यांचेच हेल्मेट घालावे आणि चालवावे. फ्रान्समध्ये नांत शहराजवळ सोडी नावाचा कार्ट बनविणारा कारखाना आहे. त्याने भाड्याच्या कार्टवाल्यांसाठी एक जागतिक गुणतालिका चालविली आहे. निरनिराळ्या देशांतले ट्रॅक तिच्यात सामील आहेत. विनामूल्य नाव नोंदवावे आणि कोणत्याही देशातल्या सामील ट्रॅकवरच्या शर्यतीत उतरावे. मिळालेले गुण त्याच एका खात्यावर जमा होतात. पूर्वी माणसे परगावी गेली की तेथल्या तालमीत जाऊन एखादी कुस्ती धरीत, तसे आता नोकरीनिमित्त फिरणारी मुले पिशवीत हातमोजे टाकून निघतात आणि संध्याकाळी अनोळखी गावच्या ट्रॅकवर हजर होतात. माझा मुलगा आणि सून त्यातलीच. लग्न होण्याआधी दोघांची ओळख कोठे झाली, हे आम्हांला बराच काळ ‘कामाच्या ठिकाणी’ असे सांगण्यात येत होते. खरे ठिकाण ट्रॅक होते, असे पुढे कळले.

दुबईच्या मोटर सिटी भागात शर्यतीच्या मोटारींचा मोठा ट्रॅक आहे आणि त्याच्या आवारात कार्टड्रोम आहे. बाहेरचा मार्ग १.२ किलोमीटरचा, वळणे १७, मध्येच पूल आणि पुलाखालून बोगदा. रात्री दिव्यांचा लखलखाट असतो. तेथे २४ तासांच्या सांघिक शर्यतीही होतात. आमच्या मंडळींची शर्यत साधी होती: तीन तासांची, प्रत्येक संघात चौघे, प्रत्येकाने निदान दोनदा गाडीत बसलेच पाहिजे. संघात माझा मुलगा, त्याचा एक केरळी मित्र, कचेरीतला एक फिलिपिनो सहकारी आणि सून. शर्यतीच्या तीन दिवस आधी सुनेचा मनगटाचा सांधा दुखावला. चौथा माणूस मिळेना. जेवताना मी म्हटले, “मी बसते.”

मुलाने वर न पाहता म्हटले, “आई, तू नको. ती कोल्हापूरची गंमत नाही.”

सून काही बोलली नाही. पाने उचलून झाल्यावर तिने खोलीतून आपले हातमोजे आणून माझ्यापुढे ठेवले. आमच्या सूनबाई बोलण्यात मोजक्या. पाच वर्षांत त्यांनी मला ‘अहो आई’च्या पुढे एक उणा शब्द वापरला नव्हता, आणि खरे सांगायचे तर एक अधिकही नव्हता. घरात आदर होता. पण तो झाकून ठेवलेल्या चांदीच्या भांड्यासारखा, वापरात नसलेला.

दुसऱ्या दिवशी तिने मला स्वयंपाकघरातच धडा दिला. लाटणे ओट्यावर ठेवले आणि म्हणाली, “हे पुढे ढकला.” ढकलले. “आता वळवा बघू.” लाटणे वळेना, एका बाजूने घसटले तेव्हा वळले. कार्टची मागची दोन्ही चाके अशीच एका दांड्याला घट्ट बसविलेली असतात. मोटारीत बाहेरच्या चाकाला जास्त आणि आतल्याला कमी फिरू देणारी योजना असते; कार्टला ती नाही. मग ती वळते कशी? वळताना आतले मागचे चाक क्षणभर जमिनीवरून किंचित उचलले जावे लागते. पुढच्या चाकांची ठेवण तशी केलेली असते, नळ्यांचा सांगाडा थोडा पिळवटतो आणि चालविणाऱ्याचे वजन बाहेरच्या अंगाला जाते. म्हणजे स्प्रिंगांचे काम सांगाडा करतो आणि बसलेला माणूस हा गाडीचाच एक भाग होतो. तिचा ब्रेकही फक्त मागच्या दांड्याला असतो आणि तो डाव्या पायाने दाबावयाचा. वळण घेता घेता तो दाबला की मागची चाके अडकतात आणि गाडीचे मागचे अंग पुढे येते. हे सारे मला समजले. समजणे आणि पायाला कळणे यांत किती अंतर आहे, ते पुढे दिसले.

शर्यतीच्या संध्याकाळी वजनकाटा होता. त्या दिवशीचा किमान आकडा ८० किलो. माझे वजन हेल्मेटसकट ५६ भरले. उरलेले २४ किलो लोखंड माझ्या आसनाशेजारी बसविण्यात आले. अर्ध्या क्विंटलचे निम्मे ओझे घेऊन निघायचे! पण त्याच ओझ्यामुळे येथे स्त्रिया आणि पुरुष, विशीतली पोरे आणि माझ्यासारख्या ५४ वर्षांच्या बायका एकाच शर्यतीत, एकाच तक्त्यावर असतात. असे खेळ फार नाहीत.

एक गोष्ट येथे गंभीरपणे सांगितली पाहिजे. सुटे केस, ओढणी, गळ्यातला रुमाल यांची तपासणी तेथे प्रत्येकाच्या बाबतीत होते. हे कोणाला सोवळे वाटेल. परंतु मागचा दांडा उघडा फिरत असतो, आणि त्यात केस अडकून मृत्यू ओढवल्याच्या घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत. सहलीला गेल्यावर मुलीबाळींना गमतीने कार्टमध्ये बसविणाऱ्यांनी आधी केस घट्ट बांधून आत घ्यावेत, आणि झाकण नसलेल्या गाडीत बसूच नये.

कोणत्या संघाला कोणती गाडी, हे चिठ्ठ्या टाकून ठरते. कारण एका कारखान्याच्या गाड्या झाल्या तरी दोन इंजिने अगदी सारखी नसतात. वीस संघ होते. मुलाने सुरुवात केली, केरळी मित्राने गाडी नवव्या क्रमांकावर आणली आणि माझी वीस मिनिटांची पाळी आली.

पहिल्या चार फेऱ्या बऱ्या गेल्या, असे मला वाटले. मागे कोणी आले की मी बाजूला होई. आपल्याकडे जिन्यात कोणी भेटले तर आपण भिंतीला टेकतो, तसे. पाचव्या फेरीत उताराच्या शेवटी असलेल्या वळणावर ब्रेक उशिरा लागला, चाक वळविलेले होते, आणि लाटण्याचा धडा डोळ्यांपुढे उभा राहीपर्यंत मी उलट दिशेला तोंड करून बसले होते. कार्टला मागे जाण्याची सोय नसते. पिवळा झेंडा हलला, बाकीच्या गाड्या मधमाश्यांसारख्या अंगावरून गेल्या, मग एक कर्मचारी धावत आला आणि त्याने गाडी ढकलून सरळ केली. पाळी संपली तेव्हा आम्ही चौदाव्या जागी होतो.

मी उतरले. सगळे हसतमुख! फिलिपिनो मुलाने पाण्याची बाटली दिली. केरळी मित्र म्हणाला, “आँटी, फारच छान.” मुलाने खांद्यावर हात ठेवला. सून म्हणाली, “अहो आई, काही हरकत नाही. छान चालवलीत.” मला खुर्ची देण्यात आली. ती खुर्ची मला फार लागली. दीड महिना मी हेच अनुभवीत होते: पाहुण्या बाईला पुढचे आसन, पाहुण्या बाईला पहिला घास, पाहुण्या बाईचे चुकले तरी छान. परक्या मुलखात माणसाला काही करू दिले जात नाही, त्याचे सर्व काही करण्यात येते. समोर पडद्यावर मात्र प्रत्येक फेरीची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत चढत होती, आणि तेथे माझ्या नावापुढे १ मिनिट २२ सेकंद लिहिलेले होते. बाकीच्यांच्या नावापुढे १४ आणि १५ सेकंद. घड्याळ पाहुणचार करीत नव्हते. तेवढ्यापुरते ते मला घरातल्या माणसांपेक्षा जवळचे वाटले.

आयर्टन सेनाचे नाव आपल्याकडेही पुष्कळांना ठाऊक आहे. हा ब्राझीलचा शर्यतपटू तीनदा फॉर्म्युला वनचा विजेता झाला. तो चार वर्षांचा असताना वडिलांनी त्याला गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन लावून कार्ट करून दिली होती. १९७८ साली, १८ वर्षांचा असताना, तो युरोपात कार्टच्या जागतिक स्पर्धेत उतरला. परका मुलूख, परकी भाषा. ल मान्सला तो सहावा आला. पुढच्या दोन वर्षी दुसरा. ते अजिंक्यपद त्याला कधीच मिळाले नाही. १९९३ साली ॲडलेडची शर्यत जिंकल्यावर त्याला विचारण्यात आले, कोणाशी लढताना सर्वांत अधिक समाधान वाटले? मोटारींच्या जगातली मोठमोठी नावे सोडून त्याने टेरी फुलर्टन या इंग्रज कार्टपटूचे नाव घेतले. ब्राझीलबाहेर पहिल्यांदा आलो तेव्हा तो माझा संघातला जोडीदार होता, अनुभवी होता, आणि त्या शर्यतींत पैसा नव्हता, राजकारण नव्हते, अशा अर्थाचे तो बोलला. मला या गोष्टीत नेहमी एकच दिसते. फुलर्टन १९७३ सालचा जगज्जेता होता; संघात नव्याने आलेल्या या परदेशी पोराला त्याने ट्रॅकवर पाहुणा म्हणून वागविले नव्हते. पंधरा वर्षांनी आठवण राहिली ती त्याची.

मी कोण आणि सेना कोण! पण खुर्चीवर बसून मला ती गोष्ट आठवली खरी. मी उठून सुनेजवळ गेले. ती दुखऱ्या हाताने पाटी धरून फेऱ्यांच्या वेळा लिहीत होती. मी म्हटले, “छान राहू दे. माझं नक्की कुठं चुकतंय, ते सांग.”

तिने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा पडद्याकडे. मग पाच वर्षे झाकून ठेवलेले भांडे एकदम खणकन वाजले.

“अहो आई, तुमचा वेग कमी नाहीच आहे. तुम्ही प्रत्येकाला ‘या, बसा’ करताय! मागं कुणी दिसलं की झाल्या बाजूला. निळा झेंडा दाखवला तरच वाट द्यायची, आणि तीसुद्धा आपली रेषा न सोडता. तुम्ही एकदम बाजूला झालात तर मागच्याला कळत नाही कुठनं जायचं. ते जास्त धोक्याचं. आणि तो ब्रेक! वळणात शिरल्यावर पाय ठेवून काय बसता? गाडी सरळ आहे तोवर जोरात दाबा आणि सोडा. सोडा म्हणजे सोडा!”

“अगं, आईशी काय बोलतेस असं?” मुलगा म्हणाला.

आम्ही दोघींनीही त्याच्याकडे पाहिले नाही. मी म्हटले, “आणि बोगद्यातनं बाहेर आल्यावर?”

“तिथं तुम्ही घाबरता. तिथं काही नाहीये घाबरण्यासारखं. अख्खा ट्रॅक वापरा, रुंदी कुणाच्या बापाची नाही.”

हे शेवटचे वाक्य बोलून ती जराशी चपापली. मी हसू लागले, मग तीही हसली. फिलिपिनो मुलाला मराठी कळत नव्हते, तोही हसला.

दुसरी पाळी रात्री नऊच्या पुढे आली. वाळवंटातली हवा गार झाली होती आणि डांबरही. हाताचे पुढचे स्नायू पहिल्या पाळीनेच आंबले होते. आसनाची कड बरगडीला लागून तेथे निळा डाग उठला होता, तो पुढे इंदूरला येईपर्यंत टिकला. या खेळात बरगड्या दुखावतात हे जाणत्यांना माहीत असते. ते आतून जाड पट्टा बांधतात. माझ्याकडे तो नव्हता. पहिल्या दोन फेऱ्या मी नुसती ‘सोडा म्हणजे सोडा’ असे हेल्मेटच्या आत मोठ्याने म्हणत होते. तिसऱ्या फेरीत उताराच्या शेवटच्या वळणावर ब्रेक सरळ रेषेत लागला, पाय उचलला गेला, आणि गाडी स्वतःहून आत वळली. आतले मागचे चाक उचलले गेले असले पाहिजे. दिसत नाही, पण पाठीला कळते. जडपणा एकदम नाहीसा होतो. इतक्या वर्षांत कोल्हापूरला मला ते कधी कळले नव्हते.

एक तरुण मागे लागला. तो माझ्याहून जलद होता, त्यात शंका नाही. पण झेंडा निळा नव्हता; तो माझ्याच फेरीतला, आमच्याच जागेसाठी झगडणारा होता. मी बाजूला झाले नाही. त्याने तीन वळणे प्रयत्न केला, चौथ्या वळणावर आतून शिरला आणि गेला. जाताना त्याने माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिले नाही. मला फार बरे वाटले. पुढच्या फेरीत तो एका वळणावर भलताच रुंद गेला आणि मी त्याच्या पुढे निघाले. मग पुन्हा तो पुढे गेला. असे चालले.

शर्यत संपली तेव्हा आम्ही अकरावे होतो. त्यातल्या तीन जागांचे श्रेय मुलाच्या शेवटच्या पाळीला आहे, हे प्रामाणिकपणे सांगते. माझ्या वाट्याला बक्षीस नव्हते. छापील कागद होता, त्यावर माझ्या प्रत्येक फेरीची वेळ. उत्तम फेरी १ मिनिट १६ सेकंद आणि काही शतांश. घरी येताना गाडीत मुलगा पुढे एकटा आणि आम्ही दोघी मागच्या आसनावर तो कागद घेऊन बसलो होतो. कोणत्या वळणावर किती गेले, यावर वाद चालू होता. ती मला एकदा ‘अगं आई’ म्हणाली, आणि तिच्या ते लक्षातही आले नाही.

तो कागद मी आत्याबाईंना दाखविला. त्यांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला, जणू काही लग्नाची पत्रिकाच. कोपऱ्यात पेन्सिलीने एक आकडा लिहिलेला होता, त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारले, “हे काय?”

“ती सुनेची वेळ. डिसेंबरात, त्याच ट्रॅकवरची. एक चौदा. तिनेच लिहून दिली येताना.”

आत्याबाईंनी दोन्ही आकडे पुन्हा पाहिले, मनाशी वजाबाकी केली आणि कागद माझ्या हातात परत देत म्हणाल्या, “म्हणजे अजून दोन सेकंद बाकी आहेत तुझे. परत कधी जाणार?”